सूत नव्हे

आमच्या घरात पांढरं काही दिसलं
की ते सूतच असतं.
चहात असतं, भाकरीच्या पिठात असतं,
देवाच्या फोटोच्या काचेवर,
राजेशमच्या कानाच्या पाळीवर.
खाली मालकाचे चार माग, वर आम्ही.
म्हणून जास्वंदीच्या बेचक्यात कापूस दिसला
तेव्हा आठ दिवस मी म्हणत होते, टॉवेलचाच.

पानं चिकटली बोटाला, तरी
दाजी पेठेतली धूळ, वर एप्रिल, म्हणून सोडून दिलं.
मग मुंग्या आल्या.
पाळी बदलताना गेटावर माणसं असतात तशा,
काही चढणाऱ्या, काही उतरणाऱ्या,
कुणाला कुणाशी बोलायला वेळ नाही.
तेव्हा कुठे डोक्यात आलं,
सूत खाऊन मुंगीचं पोट कसं भरेल?

म्याकल मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला,
पान उलटलं, म्हणाले, पिठ्या ढेकूण.
हा झाडाचा रस पितो, मागे गोड चिकटा सोडतो,
त्या चिकट्यासाठी मुंग्या याची राखण करतात.
म्हणजे मुंगी गवळण, मी म्हटलं,
आणि माझी जास्वंद कुरण.

आला कुठून, तर क्रोटनवरून.
होटगी रोडच्या नर्सरीतून आणला, रंगाला भुलून,
आणि थेट जास्वंदीच्या मांडीला मांडी लावून बसवला.
सुताचं बाचकं आलं तर मी आधी धागा ओढून बघते,
तुटतो का, गाठी किती.
झाडाचं मात्र नुसतं तोंड बघितलं.
पंधरा-वीस दिवस त्याला जिन्यात ठेवायचं होतं,
एकट्याला,
पानांची पाठ बघत.

नरसव्वा वदिना म्हणाली, तंबाखू भिजव,
त्या पाण्याने कसलाही किडा मरतो.
तिच्या सुपात चुरा होताच.
एवढं बोलून ती खोकायला लागली,
खोकतच राहिली, हातातली विडी न सोडता.
मी म्हटलं, राहू दे.

मग स्पिरिटमध्ये बोळा बुडवून
कापसाने कापसाला टिपत बसले.
चालत्या मागावर तुटलेला धागा शोधणारी ही बोटं,
त्यांना बेचकी काय अवघड?
एकेक टिपला. चिरडला की केशरी डाग पडायचा,
तेव्हा जरा कसंतरी झालं.
सगळ्यात भरलेली फांदी कापून पिशवीत बांधली.
कुंडीखाली विटेचा तुकडा, विटेभोवती ताटलीत पाणी,
आईच्या जाळीच्या कपाटाचे पाय असेच वाट्यांत उभे असत.

औषध म्हणजे लिटरभर कोमट पाणी,
चमचाभर निंबोळी तेल,
भांड्याच्या पातळ साबणाचे चार थेंब,
आणि हात दुखेपर्यंत हलवणं.
ऊन उतरल्यावर मारायचं, पानाच्या खालून,
आधी एका पानावर मारून दोन दिवस थांबायचं.
हे मास्तरांनी सांगितलं.
नळ पाचव्या दिवशी येतो हे त्यांनाही माहीत आहे,
तरी म्हणाले, अधूनमधून झाड धुवा.
मी तांदूळ धुतलेलं पाणी मोरीतच जाऊ देते म्हणून मला बोलणारा राजेशम
त्या दिवशी अर्धी बादली घेऊन स्वतः आला,
कुंडी आडवी धरून उभा राहिला,
काही बोलला नाही.

दर शुक्रवारी फवारते. पिल्लं लपून असतात,
एकदा मारून भागत नाही.
ओळखायची युक्ती मात्र माझी मला सापडली:
पांढरं दिसलं की फुंकर मारायची.
उडालं तर सूत,
बसून राहिलं तर पिठ्या.

परवा राजेशम पाळीवरून आला, उंबऱ्यातच टेकला.
भुवईवर सूत होतं.
मी वाकून फुंकर मारली.
हललं नाही.
पुन्हा मारली.
काय गं, तो म्हणाला.
काही नाही, म्हटलं. पांढरा केस आहे.

आज शुक्रवार. तेल संपत आलंय.